मागच्याला विचारून

१

म्हाताऱ्याला ही गोष्ट सांगायची हौस नव्हती आणि आजही नाही. ज्याने ऐकायला हवी त्याने ऐकली नाही, आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही ते खुर्ची ओढून बसतात. पण धाकटी, म्हणजे त्याची मुलगी, हात धुवून मागे लागली. "बाबा, दोन महिने झाले, पाठ भिंतीला लावल्याशिवाय तुम्ही कुठे बसत नाही. घरभर भिंतींवर तुमच्या डोक्याच्या तेलाचे डाग पडलेत. काय ते एकदा ओका, नाहीतर रंगारी तुम्हीच बोलवा." तेव्हा त्याने ओकलं.

म्हातारा शाळेत चौथीपर्यंत गेला, तोही अडखळत. पुढची अक्कल पत्र्याने दिली. डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर तो एकतीस वर्षं उभा राहिला आणि दहाची दहा बोटं घेऊन घरी आला, हीच त्याची पदवी. कारखान्यात त्याला सगळे खडूस म्हणत. घरात बाबा म्हणतात, आणि मनात खडूसच म्हणत असणार, असा त्याचा अंदाज.

त्या प्रेसवर वर्षातून एकदा घड्याळवाला साहेब यायचा. हातात घड्याळ, काखेत फळी. पत्रा लावायला किती सेकंद, पायाखालचा खटका दाबायला किती, झाकण काढायला किती, सगळं लिहून घ्यायचा, आणि दिवसाला किती झाकणं पाडायची ते त्यावरून ठरायचं. मग त्याच्यासमोर जोरात काम कोण येडा करेल? जुन्या लोकांनी एक युक्ती बसवली होती. पत्रा लावला की लगेच पाय दाबायचा नाही. मान डावीकडून मागे वळवायची. मागे कुणी उभं आहे असं धरून त्याला डोळ्यांनी विचारायचं. तो 'हो' म्हणाला असं समजून आपणच मान हलवायची. मग पाय दाबायचा. ह्याला म्हणायचे 'मागच्याला विचारणं'.

मागे कोणी नसायचं. गोणपाटाचा ढीग असायचा आणि भिंत. पण अख्ख्या रांगेने एकसारखी मान वळवली की साहेबाला वाटायचं, कामाचाच भाग असेल. त्याने तो कागदावर चढवला. जो माणूस नव्हताच त्याला विचारायला तीन सेकंद मंजूर झाले. ह्यावर म्हातारा आयुष्यभर हसला. त्याने केलेली लबाडी म्हणाल तर ही एवढीच. दुसरी दाखवा.

२

तेव्हा तो थोरल्या मुलाकडे राहत होता. थोरला दिवसभर ऑफिसात. सून घरातूनच काम करायची, जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटरचे दोन पडदे मांडून. पोरगी चष्मिस, कमी बोलणारी, पण म्हाताऱ्याला माणसात धरणारी घरात तेवढी एकच.

सोमवारी दुपारी ती म्हणाली, "बाबा, एक काम कराल? दहा मिनिटांचं आहे."

"भाजी निवडायची?"

"नाही. हॉस्पिटलचा फॉर्म भरायचाय."

"मला काय धाड भरलीय?"

"तुम्हाला नाही. पुढच्या सोमवारपासून हॉस्पिटलचे नंबर घरबसल्या लावता येणार. सकाळी दहाला साइट उघडली की हजारो म्हातारी माणसं एकदम तुटून पडणार. तेवढ्या गर्दीत साइट उभी राहते का झोपते, ते आधी बघायचं, हे माझं काम. हजार म्हातारे कुठून आणू? म्हणून मशीनमधले खोटे सोडायचे."

"मग सोड की. मला कशाला मध्ये घेतेस?"

"खोटे धडाधड बटणं दाबत सुटतात. खरा माणूस थांबतो. चष्मा पुसतो, ओठ हलवत वाचतो, दोनदा बघतो. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत किती थांबतो, तो वेळ मला हवाय. तुमचा एकदा मोजला की तोच सगळ्यांना लावते. थोडा कमीजास्त करून, म्हणजे हजार जण एकाच ठेक्यात नाचणार नाहीत."

"म्हणजे माझ्यावर घड्याळ लावणार तू."

"मशीन लावतं. तुम्ही आपलं नेहमीसारखं भरा."

नेहमीसारखं म्हणाली, तिथेच फसली. घड्याळ म्हटल्यावर म्हाताऱ्याची जुनी खाज उठली.

खुर्चीत बसला. पाठीमागे घरातला बोळ. बोळाच्या तोंडाला कापडी पडदा, पुढे न्हाणीघर, टोकाला अडगळीची खोली. बोळाच्या मधोमध एक फरशी सुटलेली, पाय पडला की टक् वाजायची. थोरला दोन वर्षं ती बसवणार होता.

नाव लिहिलं. वय लिहिलं. विभाग विचारला, तर गुडघ्यांचा. दिवस विचारला, तर कुठलाही. मग पडद्यावर आलं, 'सोबत कोणी आहे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. इथे म्हाताऱ्याने मान डावीकडून मागे वळवली. अर्धवट सरकलेला पडदा, त्यामागे रिकामा बोळ. डोळ्यांनी विचारलं. स्वतःच मान हलवली. वळून 'नाही' दाबलं. सून तिच्या दुसऱ्या पडद्यात डोकं घालून होती, तिने काही पाहिलं नाही.

"शेवटच्या प्रश्नाला चाळीस सेकंद लागले, बाबा. कुठे अडलं?"

"किती?"

"चाळीस."

म्हाताऱ्याच्या मानेला ते काम तीन सेकंदांचं होतं. एकतीस वर्षं तीनच सेकंदांचं. पण म्हातारपणी माणसाला न्हाणीघरात जायलासुद्धा वेळ लागतो आणि वाटतं आत्ताच गेलो होतो. तसंच काही असेल.

"विचार करत होतो," तो म्हणाला.

"छान. मला हेच हवं होतं," सून म्हणाली. म्हातारा दिवसभर मिशीत हसला. साहेब बदलला, युक्ती तीच.

३

बुधवारी तिने दोनशे खोटे म्हातारे सोडले. म्हातारा समोर पेपर धरून बसला होता. आपल्यासारखे दोनशे जण कुठेतरी चष्मा पुसताहेत, ह्याची त्याला गंमतच वाटत होती.

थोड्या वेळाने सून म्हणाली, "अजब आहे."

"झोपली का साइट?"

"साइट ठीक आहे. तुम्ही ठीक नाही. बाकी चार ठिकाणी दोनशे जणांनी दोनशे तऱ्हेचा वेळ घेतला, मी लावला होता तसा. सोबत कोणी आहे का, इथे मात्र सगळे चाळीसावर. ना एक सेकंद कमी, ना एक जास्त."

"बिघडलं असेल तुझं यंत्र."

"बिघडलं तर इकडेतिकडे होईल. इतकं नेमकं बिघडत नाही काही."

तिने चाळीस खोडून हाताने पंधरा घातले आणि पुन्हा सोडले. पुन्हा चाळीस. मग ती पडद्याजवळ तोंड नेऊन एकेक ओळ बघायला लागली.

"मी सगळ्यांना 'नाही' दाबायला सांगितलंय. तुम्ही 'नाही'च दाबलं होतं ना?"

"मग? गुडघ्याला काय वरात न्यायची?"

"एकाने 'हो' म्हटलंय. आणि तो चाळीस सेकंद थांबला नाही. एकतिसाव्यालाच म्हणाला."

म्हातारा पेपरात बघत राहिला. बातमी कुठली होती ते त्याला आज विचाराल तर सांगता येणार नाही. मघाशी, ती दुसऱ्यांदा खोटे सोडून हाताची घडी घालून बसली होती तेव्हा, बोळातली फरशी वाजली होती. एकदाच. टक्. उन्हाने फरशा फुगतात. खालच्या घरात कोणी दार आपटलं तरी हादरा बसतो. हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि त्याने ते सगळं स्वतःला सांगितलं, एकेक करून, हिशोबी माणसासारखं. फक्त एवढंच, की सुटलेली फरशी नुसत्या उन्हाने वाजायची असती तर दोन वर्षांत आधीही कधी वाजली असती.

४

गुरुवारी तीन वेळा झालं. पहिल्या वेळी 'हो' म्हणणारे एकोणीस जण, बाविसाव्या सेकंदाला. दुसऱ्या वेळी चौऱ्याहत्तर जण, चौदाव्याला. तिसऱ्या वेळी सून आकडा मोठ्याने वाचेना.

म्हातारा कान देऊन होता. पहिल्या वेळी फरशी. दुसऱ्या वेळी फरशी, आणि मग न्हाणीघराच्या दाराची कडी हलली, कोणी जाताजाता खांदा लागावा तशी. तिसऱ्या वेळी फरशी, कडी, आणि बोळाच्या तोंडाशी पडद्याच्या कड्या दांडीवर थोड्याशा सरकल्या. सरकून थांबल्या.

"वारा आहे," सून म्हणाली.

"खिडक्या बंद आहेत, पोरी."

मग म्हाताऱ्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. प्रेस, साहेब, गोणपाट, मान, सगळं. सांगताना त्याला हसू यायला हवं होतं, ती जागा नेहमी हसायची होती. ती हसली नाही. चष्मा काढून तिने डोळे चोळले.

"तिथे मागे कोण असायचं?"

"कोणी नाही. तेच तर सांगतोय."

"मग 'हो' कोण म्हणायचं?"

"कोणी नाही म्हणायचं. आपणच मान हलवायची, झालं. त्याचं उत्तर आलं असं दाखवायचं."

"आणि सोमवारी इथे? विचारलंत, मान हलवलीत, मग?"

"मग बटण दाबलं."

"कुठलं?"

म्हातारा टेबलावरचा डाग नखाने खरवडायला लागला.

"बाबा, तुम्ही त्याला विचारलंत. तो 'हो' म्हणाला. आणि तुम्ही 'नाही' लिहिलंत."

"तो म्हणजे कोण? मला शिकवू नकोस," म्हातारा ओरडला. नऊ वर्षांत तो सुनेवर पहिल्यांदा ओरडला, आणि ओरडतानाच त्याला कळलं की आपण तिच्यावर ओरडत नाही आहोत. कारखान्यात विचारलं की पाय दाबायचाच, दाबला की झाकण पडायचंच. एकतीस वर्षांत एकदाही त्याने विचारून उलटं केलं नव्हतं.

पण हे सगळं डोक्यातलं. डोक्यातलं तर फरशी का वाजावी?

५

शुक्रवारी थोरला दुपारीच घरी आला, बूट न काढता टेबलापाशी उभा राहिला.

"बाबा, तुम्ही हिच्या मशीनला हात लावता?"

"मला ते चालू कुठून होतं तेसुद्धा माहीत नाही."

"हिच्या साहेबांनी शोधून काढलंय. ते 'हो' मशीनमधल्या खोट्या माणसांनी पाठवलेच नाहीत. कोणीतरी मध्ये घुसवलेत, आणि आपल्याच घरातून. घरात दिवसभर माणसं दोन. ती काम करते. राहिलं कोण?"

"राहिलं कोण ते तूच बघ. बोळात जा आणि बघ."

"बोळात काय आहे?"

"अहो, बाबांनी काही केलेलं नाही," सून म्हणाली. "मी इथेच असते ना."

"तू पडद्यात डोकं घालून असतेस. तुला कळणारही नाही. अगं, ह्यांना मोजलेलं आवडत नाही. मोजणाऱ्याला कसं बनवलं, ह्याच्या बढाया ऐकत मी मोठा झालोय. सवय आहे ती. पण आता हिचं काम जायची पाळी आलीय, बाबा. उद्या शेवटची चाचणी. तीही बिघडली तर तुम्ही धाकटीकडे जाऊन राहा. मला घरात खोड्या नकोत."

म्हाताऱ्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ज्या पोराला कडेवर घेऊन त्याने प्रेस दाखवला होता, ते पोर त्याला लबाड म्हणत होतं. आणि घर? हे घर थोरल्याचं होतं खरं, पण ह्या टेबलाशी बसून जेवायची ती एक खुर्ची म्हाताऱ्याची होती. तेवढीच होती.

"उद्या तू घरी थांब," तो म्हणाला. "मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसतो. बोटं मोजून घे. एकही उचललं तर मी आपण होऊन पिशवी भरतो. आणि हात जागचे न हलता ते 'हो' आले तर?"

"नाही येणार."

"आले तर?"

"तर माफी मागेन."

"हिच्यासमोर?"

"हिच्यासमोर. पायाला हात लावून."

६

शनिवारी सकाळी अकरा. लख्ख ऊन टेबलावर. म्हातारा त्याच्या खुर्चीत, पाठ बोळाकडे, पंजे टेबलावर पालथे. समोर सून. उजव्या हाताला थोरला, भिंत आणि टेबल यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत खुर्ची टाकून, डोळे म्हाताऱ्याच्या बोटांवर. बोळाचं तोंड त्यालाही दिसत होतं.

"हजार सोडते," सून म्हणाली.

ती एकेक सांगत गेली. नाव. वय. विभाग. दिवस. मध्ये मध्ये खूप वेळ जायचा, कारण हजार म्हातारे थांबत होते, म्हाताऱ्यासारखे, ओठ हलवत. म्हाताऱ्याला त्यांचा राग आला. आपलं थांबणं आपलं असतं. ते असं हजारांना वाटायला कोणी सांगितलं होतं?

"आता सोबतचा प्रश्न."

फरशी वाजली. कडी हलली. पडद्याच्या कड्या सर्रकन एका बाजूला गेल्या. सगळं एका दमात, जसं कोणी वाट बघून बघून शेवटी उठावं.

"किती सेकंद?" थोरल्याने विचारलं.

"शून्य," सून म्हणाली. "विचारायच्या आतच. हजारच्या हजार. 'हो'."

म्हाताऱ्याच्या मानेला डावीकडे जायचं होतं. एकतीस वर्षांची मान ती, तिला दुसरं काही येत नव्हतं. त्याने दात आवळले आणि मान जागच्या जागी धरली. नखं पांढरी पडली, पण बोटं टेबलावरच होती, दहाची दहा.

सुनेने पडद्यावरून डोळे उचलले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आले, तिथे थांबले नाहीत, त्याच्या डोक्यावर गेले, आणि मग आणखी वर, हळूहळू, उंच माणसाचं तोंड शोधत जावं तसे. तिच्या चष्म्याच्या काचांत बोळाशेजारची खिडकी दिसत होती, दोन छोट्या खिडक्या. म्हाताऱ्याच्या मागून त्या झाकल्या गेल्या. आधी डावी. मग उजवी.

म्हाताऱ्याने सुनेकडे बघायचं सोडलं आणि मुलाकडे बघितलं.

थोरला खुर्ची पुढे ओढत होता. पोट टेबलाला लागेपर्यंत ओढली, गुडघे आत घेतले, पाठ आखडली. पंगतीत मागून कोणाला जायचं असलं की आपण जागा करून देतो, अगदी तसा. डोळे खाली. मागून जाणारा जाईपर्यंत तो तसाच बसला, मग खुर्ची मागे घेतली आणि कॉलर सरळ केली.

सुनेच्या हातातला पेन खाली पडला, तो तिने उचलला नाही.

"हात उचलले का मी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही," सून म्हणाली.

"तुला विचारत नाही. ह्याला विचारतोय."

थोरला त्याच्या बोटांकडे बघत होता. "पायाने काही केलं असेल तुम्ही," तो म्हणाला. "टेबलाखाली वायरी आहेत."

७

रविवारी सकाळी म्हाताऱ्याची पिशवी भरलेली होती. त्याने भरली नव्हती.

सुनेने त्याचं मोजलेलं सगळं काढून टाकलं, दुसऱ्या कुणाचं तरी घातलं, आणि साइट चालली. तिचं काम वाचलं. हे तिनेच फोन करून सांगितलं. "तुमचं सगळं पुसलं मी, बाबा." म्हाताऱ्याने विचारलं, "आणि तिकडे फरशी?" ती म्हणाली, "नाही वाजत आता. त्या दिवसापासून नाही." चांगली पोर. तिच्याबद्दल काही तक्रार नाही.

मागच्याबद्दलही नाही. त्याला विचारलं होतं, तो आला. एवढा शब्दाला पक्का माणूस म्हाताऱ्याने घरात दुसरा पाहिला नाही.

राग आहे तो रविवारच्या गाडीचा. थोरल्याने पिशवी डिकीत टाकली. मागचं दार उघडलं, म्हातारा बसला, दार लागलं. मग थोरल्याने सरळ जाऊन पुढे बसायला हवं होतं. तो गाडीला वळसा घालून पलीकडे आला. तिकडचंही मागचं दार त्याने उघडलं. हाताने धरून उभा राहिला, नजर रस्त्यावर, एखाद्या वयस्कर पाहुण्याला सावकाश आत बसू द्यावं तसा. सीटच्या त्या बाजूला गादी दबली. मग त्याने दार लावलं, कुणाचा पाय अडकणार नाही अशा बेताने, आणि पुढे जाऊन गाडी सुरू केली. आरसा त्याने आधीच छताकडे फिरवून ठेवला होता.

म्हणजे त्याला दिसत होतं. शनिवारीही दिसलं, रविवारीही दिसलं. दिसत असून बापाला लबाड ठरवलं, आणि दिसत असून त्यालाच शेजारी बसवून पाठवलं.

त्याला आता दोन महिने झाले. बाकी कोणी म्हाताऱ्याचं काही देणं लागत नाही. माफी मागायची राहिली आहे ती थोरल्याने.